शारजाचा किल्ला आणि आपला माळा

काही वर्षांपूर्वी प्रवासात शारजाला दोन दिवस थांबण्याचा योग आला. रोल्ला भागात उतरलो होतो. बाजारात हिंदी, मल्याळम ऐकू येई; मधूनच मराठीही कानी पडे, तेव्हा मन हरखून जाई. रोल्ला म्हणजे वड. ईदला मुले ज्याला झोके बांधत, तो जुना वड १९७८ साली कोसळला. आता चौकात त्याच्या आठवणीचे शिल्प आहे.

जवळच ‘अल हिस्न’ हा किल्ला आहे. मोठ्या हौसेने पाहायला गेलो, तर दुरुस्तीसाठी संग्रहालय बंद! धाकटी मुलगी रुसली. तिची समजूत घालता घालता मी तिला त्या किल्ल्याची गोष्ट सांगितली.

हा किल्ला १८२० च्या सुमारास बांधला गेला. तेथे राज्यकर्त्यांचे निवासस्थान होते, तुरुंगही होता. १९६९-७० च्या सुमारास तो पाडण्यात येऊ लागला. तेव्हा शेख सुलतान बिन मुहंमद अल कासिमी कैरोत शिकत होते. बातमी कळताच ते धावत आले. तोवर बहुतेक किल्ला जमीनदोस्त झाला होता. एक बुरूज आणि काही दारे-खिडक्या त्यांनी वाचवल्या. १९७२ मध्ये ते शारजाचे राज्यकर्ते झाले. पुढे जुनी छायाचित्रे व मोजमापे यांच्या आधारे किल्ला पुन्हा उभा राहिला आणि १९९७ मध्ये त्यात संग्रहालय सुरू झाले. दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले.

मुलीने विचारले, “बाबा, पाडल्यावर परत कसा बांधला?” मी म्हणालो, “कोणीतरी मापे जपून ठेवली होती, म्हणून.”

वाचकहो, दुरुस्तीसाठी मिटलेले दार पुन्हा उघडते. मोडून टाकलेले सहसा परत येत नाही. आपल्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचेच पाहा. २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला, पण १८६५ सालच्या त्या आवाराचा निम्म्याहून कमी भाग आज उरला आहे.

मग आपल्या घरांचे काय? नवे घर बांधताना आजीचा रोस-कारी, आजोबांची ढोलकी, मोडी अक्षरांचा एखादा कागद कचऱ्यात जातो. ह्या रविवारी माळ्यावरच्या वस्तू खाली काढाव्यात. कोणती वस्तू कोणाची, कशासाठी वापरीत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. ते आहेत तोवरच विचारता येईल.