मातीचा मावळा आणि प्लॅस्टिकचा शिपाई

आजच्या भाषणाचा विषय कांहीं श्रोत्यांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. बोटाएवढा प्लॅस्टिकचा शिपाई हा प्रौढ स्त्रीपुरुषांनीं कान देऊन ऐकण्याजोगा विषय आहे काय, असें कोणीहि विचारील. परंतु ज्या वस्तूपाशीं मूल दुपारच्या दुपार तहानभूक विसरून बसतें, ती वस्तु क्षुद्र मानूं नये, असें तीस-पस्तीस वर्षें मुलांत काढल्यावर माझें मत झालें आहे. हा शिपाई आला कोठून, तो घडतो कसा, आणि त्याच्याशीं खेळतांना मूल काय शिकतें, या तीन प्रश्नांचा आज थोडक्यांत विचार करूं.

सैनिकांच्या लहान प्रतिमा ही कल्पना फार जुनी आहे. ईजिप्तमध्यें असयूत येथें मेसेहती नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत लांकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सांपडल्या. एकींत चाळीस भालाईत, दुसरींत चाळीस तिरंदाज. वय सुमारें चार हजार वर्षें. हीं अर्थात् खेळणीं नव्हत. मृत धन्याच्या सेवेसाठीं तीं ठेवलेलीं होतीं. मुलांच्या हातीं द्यावयाचे शिपाई युरोपांत अठराव्या शतकांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं कथलाचे, चपटे असे ओतले जाऊं लागले. पुढें १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यानें एक युक्ति काढली. वितळलेलें शिसें सांच्यांत ओतावयाचें आणि बाहेरचा थर थिजतांच आंतलें शिसें परत ओतून काढावयाचें. शिपाई आंतून पोकळ, म्हणून हलका आणि स्वस्त झाला. शिसें विषारी, तेव्हां १९६६ च्या सुमारास ब्रिटन कंपनीनेंहि तें सोडून दिलें. तोंवर प्लॅस्टिकनें बाजार व्यापला होता.

आपल्याकडे खेळण्याचें पहिलें द्रव्य माती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेला असतो. घरची मातीची गाडी त्याला नकोशी होते व तो रडूं लागतो. तेव्हां वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालते. या नाटकास गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रूप दिलें, हें आपणांस ठाऊकच आहे. बालमनाची ही ओढ, म्हणजे शेजारच्याच्या हातांतलें तेंच खरें खेळणें, दीड हजार वर्षांत तिळभरहि बदललेली नाहीं.

नागपुरास तर मुलांच्या खेळण्यांना सणाचीच प्रतिष्ठा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं येथें तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लांकडी बैल सजवून मुलें मिरवीत नेतात आणि घरोघर बोजारा मिळवितात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळीं सुरू झाली असें मानतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची भुलाबाई येते, तीहि मातीची. महाल भागांतील चितार ओळींत गणपति, दुर्गा, लक्ष्मी या मूर्ति घडविणारीं घरें पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत.

दिवाळींत आम्ही अंगणांत किल्ला करीत असूं. या कामीं वऱ्हाड-नागपूरची काळी माती मोठी दगलबाज. पाणी पितांना ती फुगते आणि वाळतांना आकसते. त्यामुळें सायंकाळीं बांधलेल्या तटास सकाळीं भेगा पडलेल्या असत. म्हणून विटांचे तुकडे रचून त्यांवर चिखलांत बुडविलेलें गोणपाट टाकावें, मातींत मुरूम व गवताचा भुसा मिसळावा, आणि उतारावर मोहरी किंवा हळीव पेरावें, अशी आमची विद्या होती. तीन-चार दिवसांत हिरवळ उगवे. मग माथ्यावर महाराज, दाराशीं मावळे. हे मावळे सांच्यांत दाबून काढलेले, रंगविलेले, मातीचे. त्यांच्या तलवारी पहिल्या दिवशींच मोडत, आणि आठ-दहा दिवसांत कित्येकांस मस्तकहि राहत नसे.

याच सुमारास, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, प्लॅस्टिकचे शिपाई बाजारांत दिसूं लागले. पॉलिथीन हा पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडांत इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत अकल्पितपणें हातीं लागला. भारतांत पॉलिस्टायरीनचें उत्पादन १९५७ सालीं आणि पॉलिथीनचें १९५९ सालीं सुरू झालें. त्यानंतर कंगवा, बादली, साबणाची डबी, आणि शेवटीं शिपाई, असें हें द्रव्य मध्यम स्थितींतल्या घरांत शिरलें.

त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. प्लॅस्टिकचे दाणे तापवून मऊ करतात व मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत दडपतात. सांच्याचे दोन भाग असतात. थंड होतांच ते एकमेकांपासून दूर सरतात आणि शिपाई बाहेर पडतो. दोन भाग जेथें मिळतात तेथें बारीक रेघ उमटते. शिपायाच्या टोपीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंस जी शीर दिसते, ती हीच. सांचा समोरासमोर उघडावयाचा असल्यानें हात कोठेंहि आडवा येऊन अडकतां कामा नये. म्हणून स्वस्तांतले सगळे शिपाई जणूं भिंतीला चिकटून उभे असल्यासारखे चपटे दिसतात. पायांखालची लांबट पाटली नसती तर ते उभेच राहिले नसते. पॉलिथीन मऊ असल्यानें बंदूक वांकते पण मोडत नाहीं. आणि या द्रव्याचा पृष्ठभाग असा कीं रंग त्यावर पसरत नाहीं व धरतहि नाहीं. घरांत उरलेल्या तेलरंगानें आम्हीं आमच्या पलटणीस फेटे रंगविले, तर दुसऱ्या दिवशीं ते सालीसारखे सुटून आले.

हे शिपाई ज्या नमुन्यांवरून काढले होते, ते नमुने दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन पायदळाचे. त्या देशांत असे शिपाई १९३८ च्या सुमारास प्रथम निघाले. त्यामुळें आमच्या किल्ल्यावर मोठी मौज होई. शिवरायांच्या सिंहासनाशेजारीं लोखंडी टोप घातलेला जवान गुडघा टेकून बसलेला असे, आणि बुरुजावर मावळ्याच्या शेजारीं कोणी दुर्बीण लावून मोगलांची वाट पाहत असे. कोणासहि त्यांत विसंगति वाटत नसे. मुलाच्या मनांत वस्तूचा अर्थ वस्तूच्या रूपावरून ठरत नाहीं. तो मूल स्वतः ठरवितें. शिक्षणाच्या दृष्टीनें ही शक्ति फार मोलाची आहे.

आमच्या शहराच्या मध्यभागीं सीताबर्डीचा किल्ला आहे. तेथें १८१७ च्या नोव्हेंबरांत, २६ व २७ तारखांस, आप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. पुस्तकांत ती चार ओळींत संपते. परंतु मातीच्या दोन टेकड्या, एक मोठी व एक लहान, अंगणांत करून त्यांवर शिपाई मांडले, कीं लहान टेकडी शत्रूच्या हातीं जाणें म्हणजे काय, हें दहा वर्षांच्या मुलास डोळ्यांनीं दिसतें. ती टेकडी अरबांनीं एकदां घेतली होती व इंग्रजांनीं ती पुन्हां मिळविली, या एका वाक्याचें महत्त्व मला शाळेंत कळलें नाहीं. तें अंगणांत कळलें. मोठ्या माणसांनींहि हीच रीत स्वीकारलेली आहे. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांत रायसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें नकाशा, ठोकळे व फांसे घेऊन खेळावयाची लढाई रूढ केली, आणि सेनाधिकाऱ्यांचें शिक्षण तिच्यावर होऊं लागलें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. मुलांच्या हातीं शिपाई देणें योग्य कीं अयोग्य? त्यानें मुलें क्रूर होतात असें पुष्कळ आईबापांस भय वाटतें. या भयाची टिंगल करावी असें मला वाटत नाहीं. त्याविषयीं माझ्या पाहण्यांतली एक हकीकत सांगतों.

१९७१ च्या डिसेंबरांत बांगला देशाचें युद्ध झालें, तेव्हां आमच्या ओळींतल्या प्रत्येक मुलाजवळ पुडीभर शिपाई होते. हिरवे आपले, तपकिरी शत्रूचे. शत्रूचा पक्ष कोणासच नको असे, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागत. कंचा, म्हणजे आपली गोटी, नेम धरून सोडावयाची; आडवा पडला तो मेला. डाव संपला कीं सारे मेलेले पुन्हां उभे. शेजारच्या घरचा एक तरुण त्या युद्धावर गेला होता. तो कुबडी घेऊन परतला. एके दिवशीं ओट्यावर बसून तो आमची लढाई बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, “अरे पोरांनो, तुमच्या फौजेंत जखमी कोण आहे?” आम्हीं पुडी उलटीपालटी करून पाहिली. नेम धरणारा होता, धांवणारा होता, बाँब फेंकणारा होता. जखमी एकहि नव्हता. तेव्हां त्यानें आम्हांस एक नियम घालून दिला. जो पडेल त्याला उचलण्यास दुसऱ्या दोघांनीं गेलें पाहिजे. ते तिघेहि त्या डावापुरते बाद. आणि आपला कोणीहि मैदानांत टाकून यावयाचें नाहीं.

त्या नियमानें खेळ पार बदलला. पूर्वीं एक डाव तासभर चाले. आतां चार-सहा नेम लागतांच दोन्ही सैन्यें रितीं होऊं लागलीं. पुढें पुढें मुलें गोटी सोडण्यापूर्वीं विचार करूं लागलीं, आणि कांहीं वेळां तह करूं लागलीं. कोणीं उपदेश केला नव्हता. एका नियमानें तें काम केलें.

यावरून माझें असें मत झालें आहे कीं, दोष शिपायांत नाहीं आणि गुणहि शिपायांत नाहीं. दोन्ही नियमांत आहेत. प्रसिद्ध ग्रंथकार एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं खेळण्यांतल्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहिलें. खऱ्या युद्धापेक्षां हें लहान युद्ध किती बरें, आणि मोठ्या युद्धाच्या भोक्त्यांनीं हेंच खेळून समाधान मानावें, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. खेळानें युद्ध टळत नाहीं, हें त्यावरून स्पष्ट आहे. परंतु युद्धाची किंमत खेळांत मोजावयास शिकवितां येते, इतकें मला निश्चित वाटतें. आजच्या मोबाइलवरील लढायांत नियम दुसऱ्या कोणीं तरी आधींच घालून ठेवलेले असतात. मूल ते पाळतें, बनवीत नाहीं. अंगणांतल्या खेळांत मात्र नियमावरून भांडण होतें, समेट होतो, आणि नवा नियम ठरतो. नागरिकत्वाचा हा पहिला धडा होय.

दोन गोष्टी अधिक सांगावयाच्या आहेत. आमच्या काळीं बहिणींना किल्ल्याला माती आणावयास बोलावीत आणि लढाईच्या वेळीं दूर सारीत. पुडींत स्त्री-सैनिक नसे. अमेरिकेंत एका लहान मुलीनें २०१९ सालीं याविषयीं खेळणीं करणाऱ्यांस पत्र लिहिलें, आणि पुढें तसे शिपाई निघाले. आपल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत २०२२ पासून मुली शिकूं लागल्या आहेत. तेव्हां अंगणानें मागें राहणें बरें नव्हे. दुसरी गोष्ट द्रव्याची. मातीचा मावळा पहिल्या पावसांत मातीस मिळतो. पॉलिथीनचा शिपाई कुजत नाहीं. उन्हानें तो ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे जमिनींत राहतात. म्हणून प्लॅस्टिकचे शिपाई घ्यावयाचेच तर थोडे घ्यावे, भारतीय मानक चिन्ह पाहून घ्यावे (खेळण्यांस तें जानेवारी २०२१ पासून सक्तीचें आहे), आणि डबींत जपून धाकट्या भावंडांस द्यावे.

येत्या दिवाळींत आपल्या घरचीं मुलें किल्ला करतील, तेव्हां वडील माणसांनीं घटकाभर ओट्यावर बसावें. तट कसा बांधावा हें सांगण्याची घाई करूं नये. फक्त एवढेंच विचारावें, कीं तुमच्या फौजेंत पडलेल्यास उचलून नेणारे कोण आहेत? इतकें सांगून मी आपली रजा घेतों.