आचार्य आणि आचारी

संगणकाच्या आज्ञावलींविषयीं सभा, आणि तींत निवृत्त संस्कृत शिक्षकाचें काय काम, असें म्हणून मीं पुतण्यास प्रथम नकारच दिला. परंतु "काका, नंतर मसालेभात आणि मठ्ठा आहे," हें त्याचें दुसरें वाक्य निर्णायक ठरलें!

पुण्यांतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर वीस-बावीस मंडळी जमली होती. 'लिनक्स' व 'लिबरऑफिस' वापरणारांचें हें मंडळ. या आज्ञावली कोणींही वापराव्या, उकलून अभ्यासाव्या, सुधाराव्या आणि दुसऱ्यास द्याव्या, अशी मुभाच असते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं याच तत्त्वावर 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला; १९९१ सालीं लायनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लोकांपुढें ठेविला. विद्या दिल्यानें वाढते, हें मीं तीस वर्षें वर्गांत सांगितलें. तें आचरणांत येथें पाहिलें.

खरा रंग भरला तो निमंत्रणपत्रिकेवरून. तींत 'आचार्यांचे पैसे सर्वांनीं वांटून द्यावे' असें छापलें होतें. "आज कोणते आचार्य येणार?" असें मीं विचारतांच हंशा पिकला. लिहिणारास 'आचाऱ्यांचे' म्हणावयाचें होतें! युनिकोडमध्यें 'ऱ' हें निराळें अक्षर आहे. त्याचा पाय मोडून 'य' जोडला कीं 'ऱ्य' उमटतो. साध्या 'र'नें लिहिल्यास रफार येतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. दोन्ही शब्द शुद्ध. म्हणून तपासनिसानेंही हटकलें नाहीं.

पुढील योजना यांतूनच निघाली. लिबरऑफिसच्या शुद्धलेखन-तपासणींत मूळ शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम निरनिराळे देतां येतात. घर, घरास, घरानें, घरासाठीं हीं सारीं रूपें एका नियमांत बसतात. हें ऐकून माझ्यांतील व्याकरणाचा मास्तर जागा झाला. दर महिन्यास जमून दोनशे शब्द तपासावयाचे ठरलें.

"पण नियम कोण सांगणार, गुरुजी?" एका तरुण मुलीनें विचारलें. खोलींत शांतता पसरली. त्या मंडळींस यंत्र उत्तम येत होतें. सामान्यरूप मात्र येत नव्हतें. मला यंत्र येत नाहीं. मीं हात वर केला.

तेवढ्यांत आचारी पंगतीस बोलावूं लागला. भात खरोखरच उत्तम होता.

माझ्या समवयस्क वाचकहो, असें मंडळ आपल्याही गांवीं असेल, तर एकदां जाऊन बसा. आपलें व्याकरण अद्यापि निवृत्त झालेलें नाहीं.