अभय आणि आसरा

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम ही शहरे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. या शहरांच्या रस्त्यांवर दोन प्रकारचे कुत्रे आढळतात. पहिला रस्त्यावरच जन्मलेला असतो. आपली गल्ली कोणती, चहाच्या टपरीवर पाव कोण टाकतो आणि काठी कोण उगारतो, हे तो पुरते जाणतो. वाहनांच्या वर्दळीतून वाट काढणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. दुसरा कुत्रा कालपर्यंत कोणाच्या तरी घरात पंख्याखाली निजत असतो. मालकाने त्याला गाडीत घालून दूरच्या वसाहतीजवळ आणलेले असते, दार उघडून खाली उतरवलेले असते आणि गाडी निघून गेलेली असते.

वरवर पाहता दोघेही रस्त्यावरचेच. पण त्यांची दशा सारखी नसते. सोडून दिलेल्या कुत्र्याला अन्न शोधता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. तेथील कुत्र्यांचा कळप त्याला घुसखोर समजून त्याच्यावर तुटून पडतो. मग तो एखाद्या उभ्या मोटारीखाली किंवा जिन्याच्या आडोशाला अंग चोरून बसतो. 'कुठेतरी त्याचे पोट भरेल' अशी मालकाने करून घेतलेली समजूत येथे फोल ठरते.

कुत्र्याला सोडून देण्याची कारणे अनेक असतात. कोणाची बदली होते, कोणाचा घरमालक हरकत घेतो, कोणाच्या घरी बाळ जन्माला येते. कधी हौसेने आणलेले पिल्लू मोठे होते आणि त्याचा खर्च पेलत नाही. सैबेरियन हस्कीसारखे थंड प्रदेशातील केसाळ कुत्रे दिल्लीत आणले जातात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की त्यांचे हाल सुरू होतात. काही कुत्र्यांना वार्धक्य किंवा आजार नडतो. यांतील काही अडचणी खऱ्याही असतात. मात्र अडचण असलेल्याने दुसरे घर शोधणे वेगळे आणि मुक्या जीवाला रस्त्यावर टाकून निघून जाणे वेगळे.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 मध्ये झाला. उपासमारीने किंवा तहानेने तळमळावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा त्याच्या कलम 11 अन्वये गुन्हा आहे. या कायद्यानुसार 1962 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. मंडळाचे मुख्यालय पूर्वी चेन्नईला होते. 2018 मध्ये ते फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगड येथे आले. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. दंडाची रक्कम मात्र कायदा झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्यासाठी पन्नास रुपयांपर्यंतच ठेवलेली होती. तेव्हा या कामी दंडाच्या धाकापेक्षा माणसाची कर्तव्यबुद्धीच अधिक उपयोगी पडते.

ही कर्तव्यबुद्धी भारतीय परंपरेत फार जुनी आहे. महाभारतातील हस्तिनापूर आजच्या मेरठ जिल्ह्यात, म्हणजे राजधानी क्षेत्रातच दाखवले जाते. महाभारताच्या आदिपर्वात एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला काही अपराध नसताना मारले. सरमा ही देवांची कुत्री. तिने येऊन जाब विचारला, तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. आणि तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल, असा शाप तिने दिला. त्याच ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा राहतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जाण्याचे नाकारतो. भ्यालेल्या व आश्रयाला आलेल्या जीवाचा त्याग करणे त्याला पाप वाटते.

भ्यालेल्या कुत्र्याला मदत करायची, तर आधी त्याचे भय ओळखता आले पाहिजे. शेपूट पोटाखाली जाणे, कान मागे पडणे, अंग थरथरणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे या खुणा सहज लक्षात येतात. झोप नसताना जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरवणे या खुणा मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाहीत. गुरगुरणे हाही एक इशारा असतो. पळायला वाट उरली नाही म्हणजे भित्रा कुत्राही चावतो. म्हणून त्याला घेरू नये, कोपऱ्यात कोंडू नये आणि मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

त्याच्याजवळ जाताना सरळ चालून जाऊ नये व डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. थोड्या अंतरावर, अंग किंचित वळवून, खाली बसावे. पाणी आणि वासाचे अन्न ठेवून मागे सरावे. उकडलेले अंडे किंवा मांस घातलेला भात चालतो. कांदा, द्राक्षे व चॉकलेट त्याला अपायकारक असतात. रोज ठरावीक वेळी एकाच माणसाने अन्न नेले, तर काही दिवसांत कुत्रा त्याची वाट पाहू लागतो. पकडणे तातडीचे असेल, तर अनुभवी कार्यकर्त्यांची मदत घेणेच योग्य. दिल्लीत 1979 पासून कार्यरत असलेली फ्रेंडिकोज ही संस्था आणि राजा गार्डन येथील संजय गांधी प्राणी केंद्र यांच्यासारख्या संस्था जखमी व निराधार प्राण्यांसाठी काम करतात.

एवढी काळजी घेऊनही कुत्रा चावला किंवा त्याच्या दातांनी ओरखडा निघाला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालयात जाऊन रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी. जखमेवर हळद, तिखट, चुना लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचवते.

कुत्रा हाती आला म्हणजे तो हरवलेला तर नाही ना, याची आधी खात्री करावी. पट्ट्यावर नाव किंवा दूरध्वनी क्रमांक आहे का, हे पाहावे. काही कुत्र्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी सूक्ष्मपट्टी बसवलेली असते. पशुवैद्य यंत्राने तिचा क्रमांक वाचू शकतात. परिसरातील पहारेकरी, दुकानदार व दवाखाने यांच्याकडे चौकशी करावी. मालकाचा शोध लागला नाही, तर वैद्यकीय तपासणी, जंतांचे औषध, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही कामे क्रमाने उरकावीत.

यानंतर गरज असते ती तात्पुरत्या घराची. निवारा केंद्रात शेकडो कुत्र्यांच्या भुंकण्याने भित्रा कुत्रा अधिकच खचतो. शांत घरात त्याला स्वतःचा कोपरा मिळाला, जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा ठरल्या आणि कोणी बळेच कुरवाळले नाही, म्हणजे त्याचे मन हळूहळू सैल होते. रशियन शास्त्रज्ञ इवान पावलॉव यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्नाबरोबर वारंवार ऐकू येणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना आढळले. हेच तत्त्व येथे उपयोगी पडते. केरसुणी, प्रेशर कुकरची शिट्टी किंवा अनोळखी पाहुणा यांची भीती वाटत असेल, तर ती गोष्ट दूर ठेवून त्याच वेळी आवडीचा घास द्यावा आणि अंतर थोडे थोडे कमी करावे. भीती ही त्या जीवाची अवस्था असते. तिलाच त्याचा स्वभाव समजून त्याच्यावर शिक्का मारू नये.

कायमचे घर निवडताना घाई करणे सर्वांत घातक ठरते. दुसऱ्या घरातूनही परत आलेला कुत्रा माणसावर विश्वास टाकायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेतो. म्हणून त्याच्या गुणांबरोबर दोषही स्पष्ट सांगावेत. तो फटाक्यांना भितो, पुरुषांचा आवाज चढला की लपतो, एकटा राहिला की रडतो, हे लपवून दिलेले घर टिकत नाही. इच्छुक कुटुंबालाही काही प्रश्न विचारावेत. घरातील सर्वांची संमती आहे का? घर भाड्याचे असल्यास पुढे काय करणार? गावी जाताना कुत्रा कोणाकडे ठेवणार? औषधपाण्याचा खर्च झेपेल का? साखळीला बांधून राखणीस ठेवण्यासाठी किंवा पिल्ले विकण्यासाठी कुत्रा मागणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. एकदा घर पाहून यावे, लेखी करार करावा, स्थानिक संस्थेकडे नोंदणी करण्यास सांगावे आणि पुढेही चौकशी करीत राहावे.

नव्या घरातील पहिले दिवस कसोटीचे असतात. कुत्रा जेवत नाही, पलंगाखालून बाहेर येत नाही, संधी मिळताच दाराबाहेर धाव घेतो. त्यामुळे फिरायला नेताना गळ्यातील पट्ट्याबरोबर छातीपट्टाही बांधावा. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत ठेवावे. बावरलेपण ओसरायला तीन दिवस, रीत समजायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने, असा ढोबळ हिशेब कार्यकर्ते सांगतात. काहींना यापेक्षाही अधिक काळ लागतो.

2025 मध्ये राजधानी क्षेत्रातील कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. सर्व भटकी कुत्री निवारा केंद्रांत हलवण्याचा आदेश 11 ऑगस्टला निघाला. चावे व रेबीज यांची नागरिकांना वाटणारी धास्ती त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या आदेशात बदल केला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावे, असे ठरले. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांची कुत्री तेथे पुन्हा न सोडण्याचा आदेश झाला. ऑगस्टच्या आदेशाने आणखी एक वाट मोकळी केली. ज्याला रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा. मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्याचीच राहील.

रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला निदान 'मूळ जागा' असते. घरातून टाकून दिलेल्या कुत्र्याला तशी जागाच नसते, म्हणून त्याच्यासाठी घर हाच एक उपाय उरतो. त्याला योग्य घर मिळाले, तर एका जीवाचे भय सरते. आणि घाबरून चावणारा, रस्त्यावर नवी पिल्ले वाढवणारा एक कुत्रा कमी झाल्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही धास्ती कमी होते.