तिकिटाचं कुळमूळ

घाटकोपरच्या खिडकीवर ‘एक मुलुंड रिटर्न’ म्हणणाऱ्याच्या हाती पडतो तो एक जुना फ्रेंच शब्द, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. तिकीट! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच पट्ट्यातून. हा शब्द पुढे आपल्यात असा मुरला की ‘तिकिटाला’, ‘तिकिटं’ अशी अस्सल मराठी रूपं तो बिनतक्रार घेतो.

इंग्रजांनी तो सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तिकेत’ म्हणजे चिकटवलेली किंवा टोचून लावलेली चिठ्ठी. इंग्रजीत येताना त्याचं डोकं उडालं आणि ‘टिकेट’ उरलं. खरी नवलाई पुढे आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी हाच शब्द पुन्हा एकदा, आता अख्खाच्या अख्खा, उचलला: एटिकेट. फ्रान्समध्ये आजही शर्टावरच्या किमतीच्या लेबलाला आणि दरबारी शिष्टाचाराला हा एकच शब्द चालतो. म्हणजे तिकीट आणि शिष्टाचार ही सख्खी भावंडं! हे कळल्यापासून मला लोकलचा डबा वेगळाच दिसतो. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची, तिघांनी सरकून चौथ्याला टेकू द्यायचं, अंधेरी येण्याआधीच ‘उतरायचंय का?’ विचारून पुढे सरकायचं. यातलं काहीही तिकिटावर छापलेलं नाही, तरी गर्दीतली माणसं ते पाळतात.

फ्रेंचांकडे हा शब्द आला जर्मन कुळातल्या बोलींतून. तिथे अर्थ होता टोचणं, खुपसणं. इंग्रजी ‘स्टिक’ आणि ‘स्टिकर’ त्याच घरातले. आणखी मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ ज्या मूळ धातूपाशी पोचतात, त्याचीच संस्कृतातली फांदी ‘तिज्’, म्हणजे धार लावणं. त्यातून तेज आलं, तीक्ष्ण आलं आणि तीक्ष्णातून आपलं तिखट. खिडकीवरचं तिकीट आणि फलाटावरच्या वडापावातलं तिखट हे लांबचे का होईना, पण नातलग आहेत.

एक गोष्ट तर मला फारच आवडते. इंग्रजीत पाकिटावर ‘स्टॅम्प’ लावतात. आपण मात्र पोस्टाचं तिकीट लावतो, तेही चिकटवून. इंग्रजी तिकिटातून चिकटणं केव्हाच सुटलं होतं. मराठीने ते, कुणी न सांगता, पुन्हा जागेवर आणून लावलं.