तांदळाचा भाव आणि घराचा हिशेब : व्हिएतनामच्या व्यापारसुधारणांचा अन्वयार्थ

कृषिजीवनावरील साहित्याचा तौलनिक विचार करताना ‘शेतकरी’ ही कोटी बहुधा एकसंध मानली जाते. भाव चढले की शेतकरी तरतो आणि पडले की बुडतो, असेही आपण गृहीत धरतो. कृषिव्यापारातील सुधारणांचा कुटुंबांच्या कल्याणावर होणारा परिणाम तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी हे गृहीतक तपासून पाहिले आहे. त्यांच्या विवेचनातून साहित्याभ्यासकाला काय घेता येईल, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अँगस डीटन यांनी १९८९ मध्ये थायलंडमधील तांदळाच्या भावांचा अभ्यास करताना एक साधा प्रश्न मध्यवर्ती मानला : घर तांदूळ विकते अधिक की विकत घेते अधिक? विकणाऱ्या घराला भाववाढीचा लाभ होतो, तर विकत घेणाऱ्या घरावर तिचा भार पडतो. भूमिहीन मजूर खेड्यात राहत असला, तरी बाजारात तो ग्राहकच असतो. अल्पभूधारकही घरचे धान्य सरल्यावर ग्राहक होतो. म्हणजेच लाभहानीची रेषा केवळ शहर आणि खेडे यांच्यामधून जात नाही. ती खेड्याच्या आतूनही जाते.

व्हिएतनाममध्ये १९८६ साली ‘दोई मोई’ हे आर्थिक नवरचनेचे धोरण स्वीकारले गेले. १९८८ मध्ये सामूहिक शेतीऐवजी जमीन कसण्याचा अधिकार कुटुंबांकडे आला आणि १९८९ पासून हा देश तांदळाचा मोठा निर्यातदार बनला. तथापि, निर्यातीवर कोट्याचे बंधन होते आणि देशांतर्गत धान्यव्यापारही पुरता मोकळा नव्हता. ही बंधने नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९९३ ते १९९८ या काळात तांदळाचा भाव इतर वस्तूंच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. याच काळात दारिद्र्याचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. अर्थात, ही घट एकट्या तांदळामुळे झाली, असे म्हणता येत नाही.

या भाववाढीचा घराच्या आत काय परिणाम झाला, याचा शोध एरिक एडमंड्स आणि निना पावचनिक यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. पिकाला भाव आला की मुलांच्या श्रमालाही मोल येते; तेव्हा बालश्रम वाढावेत, अशी शंका रास्त होती. प्रत्यक्षात ग्रामीण भागात ते घटले. वाढलेल्या उत्पन्नामुळे मुलांना कामातून सोडवणे घरांना परवडू लागले. माध्यमिक शाळेच्या वयाच्या मुलींमध्ये ही घट सर्वाधिक होती आणि त्यांची शाळेतील उपस्थितीही वाढली. सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात ही मुलगी दिसत नाही.

साहित्याभ्यासाच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील (१९३६) होरी कादंबरीच्या ओघात शेतकऱ्याचा मजूर होतो. धान्याचा चढा भाव या दोन अवस्थांमध्ये त्याच्यासाठी एकच अर्थ धारण करणार नाही. म्हणून कृषिकेंद्री कादंबऱ्यांची तुलना करताना पात्राची जात आणि जमीन यांबरोबर त्याच्या घरचे धान्य किती महिने पुरते आणि भावाची झळ घरातील कोणाला लागते, हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न न विचारता केलेली तुलना ‘शेतकरी’ या एका शब्दाखाली परस्परविरोधी हितसंबंध झाकून टाकते.