चाकांविना टिकलेली ट्राम

जुनी वास्तू केवळ जुनी आहे म्हणून टिकत नाही. तिला रोजचा उपयोग असावा लागतो. अमेरिकेतील 'फॉर्मोसा कॅफे' हे त्याचे बोलके उदाहरण. वेस्ट हॉलिवूडमध्ये, प्रसिद्ध 'रूट ६६' महामार्गाच्या जुन्या वाटेवर, एका माजी मुष्टियोद्ध्याने १९२५ मध्ये ट्रामच्या निकामी डब्यात हे उपाहारगृह थाटले. शेजारीच चित्रपटांचा स्टुडिओ असल्याने तारे-तारकांची येथे वर्दळ असे.

लॉस एंजेलिसमधील या लाल ट्रामगाड्यांची अखेरची फेरी १९६१ मध्ये झाली. हा डबा मात्र गिऱ्हाइकांच्या राबत्यामुळे तगला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तो पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चाहत्यांनी तो हाणून पाडला. २०१६ च्या अखेरीस मात्र कॅफेला टाळे लागले. नव्या चालकांनी जीर्णोद्धार हाती घेतला. ट्रामच्या डब्यासाठी 'नॅशनल ट्रस्ट' या वारसासंवर्धन संस्थेने १ लाख ५० हजार डॉलरचे साह्य दिले. २०१९ मध्ये दारे पुन्हा उघडली.

अनुदानाने लाकूड सावरले. पण पुढची वर्षे तो डबा जगणार आहे तो तिथे जेवायला येणाऱ्यांच्याच बळावर.