ॲट्रोपीनची मात्रा आणि परिचारिकेचा पहारा

भाद्रपद-आश्विनांत वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कपाशी कमरेच्या वर वाढलेली असते. किडींचा उपद्रव वाढण्याचा काळही हाच. पाठीवर पंप घेऊन शेतकरी व मजूर तासन् तास त्या दाट पिकांतून फिरत असतात आणि औषधाचे तुषार श्वासावाटें व घामानें भिजलेल्या कातडीवाटें त्यांच्या शरीरांत जातात. २०१७ सालच्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें वीसहून अधिक माणसें दगावलीं आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झालीं. शेजारच्या अकोला व अमरावती जिल्ह्यांतही बाधित रुग्ण आढळले. अमरावतीचें इर्विन रुग्णालय असो वा अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय असो, अशा रुग्णाच्या खाटेजवळ उभें राहण्याचा प्रसंग परिचर्येच्या कोणत्याही विद्यार्थिनीवर येऊं शकतो. तिच्या हातीं त्या वेळीं बहुधा एकच लहानशी कुपी असते : ॲट्रोपीनची.

या कुपीचें कार्य समजण्यासाठीं विषाचें कार्य आधीं पाहिलें पाहिजे. मज्जातंतूच्या टोकाशीं ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें आणि तें स्नायूंना व ग्रंथींना संदेश देतें. संदेश पोंचला कीं एक एन्झाइम त्या द्रव्याचा तत्काळ निकाल लावतें. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशकें या एन्झाइमलाच जखडून टाकतात. मग संदेश थांबतच नाहीं. तोंडाला फेंस येतो, घाम वाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते आणि छाती स्रावानें भरून येते. रुग्ण स्वतःच्याच छातींतील पाण्यानें गुदमरूं लागतो.

ॲट्रोपीन हें आपल्याकडील उकिरड्यावर उगवणाऱ्या धोत्र्यांतही सांपडणारें द्रव्य. ॲसिटिलकोलीन ज्या जागीं जाऊन ग्रंथींना चाळवतें, ती जागाच तें अडवून बसतें. म्हणून स्राव आटतात आणि नाडी वाढते. परंतु हातापायांच्या व श्वसनाच्या स्नायूंना आलेली दुर्बलता त्यानें जात नाहीं. छाती मोकळी झाली तरी रुग्णाला उशीवरून मान उचलतां येते कीं नाहीं, हें परिचारिकेनें वारंवार पाहावें तें यासाठींच. मान उचलेनाशी झाली, तर श्वासही थकत असल्याची ती सूचना असते.

आतां मात्रेचा प्रश्न. नेहमीच्या कुपींत ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीन असतें, आणि इतर कारणांसाठीं प्रौढाला सामान्यतः एक कुपी पुरते. विषबाधेंत मात्र १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून, म्हणजे तीन ते पांच कुप्यांपासून, प्रारंभ करतात. पांच मिनिटांनीं छाती मोकळी झाली नसेल तर मात्रा दुप्पट करतात आणि तसेंच पुढें चालवितात. ३, ६ आणि १२ मिलिग्रॅम असे तीन हप्ते दिले, तर अवघ्या दहा मिनिटांत २१ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ कुप्या होतात! ‘एक कुपी’ एवढेंच पाठ केलेली विद्यार्थिनी येथें बिचकते, आणि तिच्या बिचकण्यांत गेलेलीं मिनिटें रुग्णाला महाग पडतात. उलट, .६ असा आंकडा घाईनें लिहिला असतां त्यांतील टिंब नजरेंतून सुटून तो ६ वाचला जाण्याचें भय असतें. म्हणून टिंबाआधीं शून्य लिहिलेंच पाहिजे.

मात्रा कोठें थांबवावी, हें रुग्णाचें शरीरच सांगतें. दोन्ही बाजूंनीं छातींतील घरघर नाहींशी होणें, नाडी मिनिटाला ८० च्या वर येणें आणि वरचा रक्तदाब ८० च्या पुढें जाणें, या खुणा मुख्य होत. कांखा कोरड्या होणें आणि बाहुल्या मोठ्या होणें, या त्यांच्या जोडीच्या खुणा. त्यांपैकीं छातीची खूण सर्वांत महत्त्वाची. त्यानंतर दिलेल्या एकूण मात्रेचा दहावा ते पांचवा भाग दर तासाला सलाइनमधून देतात. वरील उदाहरणांत तो सुमारें २ ते ४ मिलिग्रॅम होईल.

येथून परिचारिकेचा खरा पहारा सुरू होतो. औषध अधिक झालें कीं धोत्रा खाल्लेल्या माणसाचीं लक्षणें दिसूं लागतात : रुग्ण बरळतो, अंथरूण चाचपतो, त्याची लघवी अडते, पोट निपचित पडतें, नाडी धांवते. घाम बंद झाल्यानें अंग तापतें, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यांत तो ताप धोक्याचा ठरतो. अशा वेळीं डॉक्टरांना तत्काळ कळविलें पाहिजे, म्हणजे ते सलाइन थांबवून पुढें कमी मात्रेनें पुन्हां सुरू करतात. उलट, सकाळीं बरा दिसलेला रुग्ण रात्रीं पुन्हां घरघरूं लागतो. कारण कांहीं विषें चरबींत सांठून राहतात आणि हळूहळू रक्तांत उतरतात.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे पांच नियम परिचारिकांना शिकवितात ते अशाच प्रसंगांसाठीं. शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनांवाचे दोघे असूं शकतात. म्हणून पूर्ण नांव विचारावें आणि केसपेपर पाहावा. कुपीवरील अक्षरें तीनदां वाचावींत : घेतांना, भरतांना आणि टाकण्यापूर्वीं. तोंडी आज्ञा मोठ्यानें परत म्हणून दाखवावी. हिशेब दुसरीनें स्वतंत्रपणें करून पाहावा. दिलेली प्रत्येक मात्रा वेळेसह त्याच क्षणीं लिहावी, कारण नोंद राहिली तर पाळी बदलून आलेली परिचारिका तीच मात्रा पुन्हां देऊं शकते.

शेतीशीं संबंध असलेल्या शहरांतील कुटुंबांनींही एवढें ध्यानांत ठेवावें. बाधित माणसाचे कपडे हातमोजे घालून काढावे, अंग साबणपाण्यानें धुवावें, ओकारी काढण्याच्या खटपटींत पडूं नये आणि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. औषधाची बाटली वा तिच्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. सर्वच कीटकनाशकें फॉस्फरसयुक्त नसतात, आणि इतरांपैकीं अनेकांवर ॲट्रोपीन हा उतारा नव्हे. ती चिठ्ठी वेळेवर हातीं आली, तर डॉक्टरांना उतारा लवकर ठरवितां येतो आणि परिचारिकेलाही कोणत्या खुणांवर लक्ष ठेवावयाचें हें पहिल्या मिनिटापासून कळतें.